प्रतीक्षायादीत पहिला

शाळाप्रवेशाचा निकाल सकाळी दहाला लागणार होता आणि ती नऊपासूनच हातातलं काम चुकवत होती. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, घासणीच्या यंत्रापुढे बसून काचा फ्रेमच्या मापात आणायच्या, हे तिचं काम. बारा वर्षं ती ते करत होती. हिच्या बोटांनाच डोळे आहेत, असं दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. त्या दिवशी मात्र तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीच्या आकारात घासून ठेवली, आणि ते लक्षात आलं तेव्हा काच वाया गेलेली होती.

पहिला मेसेज दहा वाजून चार मिनिटांनी आला. मुलीला घराजवळच्या शाळेत जागा मिळाली होती. तिने यंत्र बंद केलं, हात पुसले आणि दुसऱ्या मेसेजची वाट बघत उभी राहिली. तो तीन मिनिटांनी आला. मुलगा त्याच शाळेच्या प्रतीक्षायादीत पहिला होता. तोपर्यंत त्याला दुसऱ्या एका शाळेत जागा दिली होती. ती शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायची.

मुलं जुळी होती. मुलगी सात मिनिटांनी मोठी, म्हणून घरात ती थोरली आणि तो धाकटा. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना सोडून एक दुपारही काढली नव्हती. एकाला ताप आला की दुसऱ्याच्या कपाळालाही हात लावून बघायचा, ही त्या घरातली रीतच होऊन बसली होती.

मालकांना कसंबसं सांगून ती निघाली ती थेट प्रवेश कार्यालयात. तिथे तिच्यासारखीच तोंडचं पाणी पळालेली वीस-पंचवीस माणसं हातात फोन धरून उभी होती. तासाभराने तिचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईने दोन्ही अर्ज पडद्यावर उघडले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि शांतपणे समजावून सांगितलं. शाळा घरापासूनच्या अंतरानुसार जागा देते. तुमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत सहाशे बारा मीटर. दोन्ही मुलांचं अंतर एकच. जागा मात्र एकच उरली होती. अशा वेळी संगणक चिठ्ठी काढतो. चिठ्ठी मुलीची निघाली.

"पण ती जुळी आहेत," ती म्हणाली. "एकाच दिवशी, एकाच आईच्या पोटी. असं मधूनच कसं कापता येईल?"

बाई म्हणाली की अर्जात जुळ्यांसाठी रकाना नाही. तो असावा असं तिने स्वतः दोनदा वर लिहून कळवलंय. मग तिने एका कागदावर तारीख लिहून दिली. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत दूरच्या शाळेतली जागा पक्की करा, नाहीतर तीही जाईल. ती पक्की केली तरी प्रतीक्षायादीतला नंबर राहील, जवळच्या शाळेत कोणी जागा सोडली तर पहिला फोन तुम्हाला.

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी कामावर जाताना ती शाळेपाशी थांबे. फाटकाला लावलेली यादी तिला पाठ झाली होती, तरी ती वाचायची. साठ जागा, साठ अर्जक्रमांक, साठ अंतरं. यातला एक कोणीतरी गाव सोडून जावा, कोणाच्या तरी बापाची बदली व्हावी, असं मनात यायचं आणि तिची तिलाच लाज वाटायची. दुपारी ती कार्यालयात फोन करायची. खिडकीतल्या बाईला तिचा आवाज ओळखीचा झाला. आता ती नावही विचारत नसे, 'अजून पहिलाच' एवढं बोलून फोन ठेवायची. दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर हाताळणारी ती, त्या एका नंबरापुढे हतबल झाली होती.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलत राहायचं आणि काम करायचं, यात त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे घाबरणं त्याच्या स्वभावातच राहिलं नव्हतं. होईल काहीतरी, तो म्हणायचा. ती भांडायची. काहीतरी म्हणजे काय, ते सांग. तो भाजी निवडायला घ्यायचा.

मुलांना त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं. थोरली दोन दिवस रुसली. धाकट्याने विचारलं की त्या दुसऱ्या शाळेत जायला खरंच दोन बस लागतात का. हो म्हटल्यावर त्याने त्या बसांचे रंग विचारले.

दुसऱ्या आठवड्यात थोरलीला खोकला झाला आणि ती तिच्यासाठी औषध आणायला गेली. औषधवाल्याचं दुकान शाळेच्या अगदी समोर, फाटकापासून वीस पावलांवर. मुलं लहान असताना कितीतरी वेळा तिने त्याला सुट्टीच्या दिवशी शटर वर करायला लावलं होतं. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. वहिनी वहिनी म्हणून सगळं समजावून द्यायचा. बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला की त्याच्याही मुलीला समोरच्याच शाळेत जागा मिळाली. यादीत दुसरी आली. बोलताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिनेही मनापासून अभिनंदन केलं.

घरी येऊन तिने ते सहज नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बूट काढत होता.

"यादीत दुसरी कशी येईल?" तो म्हणाला. "तो टेकडीजवळच्या उंच इमारतीत राहतो ना, पाचव्या मजल्यावर. त्यांची लिफ्ट मी दोनदा दुरुस्त केलीय. त्याच्या बायकोने पाणी दिलं होतं मला."

एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. तिच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. टेकडीपासून शाळा सहज दोन किलोमीटर. म्हणजे औषधवाल्याने अर्जात दुकानाचा पत्ता दिला. म्हणजे साठातली एक जागा खोटी. आणि ती खोटी जागा रिकामी झाली तर तिच्यावर हक्क कोणाचा, तर प्रतीक्षायादीत पहिला असणाऱ्याचा.

ताईला, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीला, तिने फोनवर हे सांगितलं ते खरं तर मन मोकळं करायला. ताई मन मोकळं करून घेणाऱ्यांतली नव्हती. ती तडक म्हणाली, कळव. कार्यालयाच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय असते, नाव द्यावं लागत नाही. तू काय खोटं बोलतेयस का? खोटं तो बोलला. तुझं लेकरू दोन बस बदलून जाणार आणि तू त्याच्याकडून खोकल्याचं औषध घेत बसणार.

तीन दिवस तिने टाळलं. त्या तीन दिवसांत तिचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. रस्ता ओलांडताना वाटायचं, करावी तक्रार, आपण काही चोरी करत नाही. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवेपर्यंत औषधवाल्याचं शटर डोळ्यांपुढे यायचं. चौथ्या दिवशी धाकट्याने घरी शाळा-शाळा खेळताना सगळ्या बाहुल्यांना एका बाजूला बसवलं आणि एका अस्वलाला पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला. ते बघून तिचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडताच, तिने फोनवर तक्रारीचा अर्ज भरला. औषधवाल्याच्या मुलीचा अर्जक्रमांक, दुकानाचा पत्ता, टेकडीजवळच्या इमारतीचा पत्ता. नावाची जागा कोरी सोडली. बटण दाबल्यावर पडद्यावर 'आपले आभार' अशी अक्षरं आली आणि तिने फोन पालथा ठेवला.

वाटलं होतं, पाठवल्यावर सुटका होईल. झालं उलटंच. फोन वाजला की ती आधी नंबर बघायची, मग उचलायची. औषधाच्या दुकानावरून जायचं टाळायला ती लांबच्या रस्त्याने जाऊ लागली आणि कामावर उशिरा पोचू लागली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. रात्रीच्या जेवणात मीठ दोनदा पडलं, तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं आणि तांब्यातलं पाणी संपवलं.

आठवडा उलटला. त्या दिवशी तिच्या बोटाला घासणीच्या यंत्राने चांगलंच कापलं. दुकानातली पट्टी पुरेना. जवळ दुसरं औषधांचं दुकान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला जाऊन बघायचंही होतं. रुमालात बोट गुंडाळून ती गेली.

गल्ल्याशी एक बाई फाइल घेऊन उभी होती. गळ्यात प्रवेश कार्यालयाचं ओळखपत्र. औषधवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती पायरीवरूनच मागे फिरणार होती, पण त्याने तिला पाहिलं आणि बुडत्या माणसासारखी हाक मारली.

"वहिनी, या, या. बरं झालं आलात." मग त्या बाईकडे वळून म्हणाला, "यांना विचारा तुम्ही. पाच-सहा वर्षं ओळखतात मला. यांची सही चालेल ना?"

तपासनीस बाईने तिला समजावलं. पत्त्याबद्दल तक्रार आली आहे. मी राहती जागा बघणार आहे. आजूबाजूच्या एका ओळखीच्या माणसाने माझ्याबरोबर ती पाहून सही करायची असते. तुम्हाला वेळ आहे का?

आहे, ती म्हणाली. औषधवाल्याने आधी तिच्या बोटाला औषध लावून पट्टी गुंडाळली. पट्टी नीट बसली. मग त्याने मागचा पडदा बाजूला केला.

पडद्यामागे खोली होती, औषधांची खोकी ठेवायची. अर्ध्या भागात अजूनही खोकीच होती, छतापर्यंत रचलेली. उरलेल्या अर्ध्यात एक खाट आणि खाटेखाली गुंडाळलेली गादी. सलाइनच्या दोन खोक्यांवर फळी टाकून टेबल केलेलं, त्यावर रंगीत खडू आणि अर्धं रंगवलेलं घराचं चित्र. खिळ्याला छोटा फ्रॉक, शेजारी मोठा शर्ट. एक शेगडी, एक पातेलं, दोन ताटं, दोन पेले. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या, मुलीच्या उंचीच्या. प्रत्येकीपुढे तारीख. पहिली रेघ गेल्या वर्षीच्या हिवाळ्यातली होती, अर्ज भरण्याच्या किती तरी आधीची. हातानेच मापं घेऊन पोट भरणाऱ्या बाईला त्या रेघा खऱ्या आहेत की आत्ताच कोणी घाईने ओढल्यात, हे कळायला वेळ लागला नाही.

औषधवाला तपासनीस बाईला हळू आवाजात सांगत होता. तो आणि बायको वेगळे झाले. घर तिचं, तिच्या वडिलांनी दिलेलं. मुलगी याच्याजवळ राहते, तसं कोर्टात ठरलंय, कागद आहेत. नवी जागा बघतोय, पण जमलेलं नाही. कोणाला सांगितलं नव्हतं. लोक औषध घ्यायला येतात, त्यांना हे कशाला.

तपासनीस बाईने कागद बघितले, खाट बघितली, रेघा बघितल्या. एक छापील कागद भरला आणि पेनसकट पुढे केला. मुलगी या पत्त्यावर राहते, हे मी प्रत्यक्ष पाहिले, असं त्यावर होतं. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा.

सही करताना तिला पट्टीमुळे पेन धरता येईना. तिने डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्याच्या तीन बोटांनी आपलं नाव लिहिलं. त्या नावाबरोबर धाकट्याचा प्रतीक्षायादीतला पहिला नंबर पहिलाच राहणार होता, हे तिला लिहिताना पुरतं ठाऊक होतं. दुसरं काही लिहिण्यासारखं त्या खोलीत नव्हतं.

बाई गेली. औषधवाल्याने स्टुलावर बसून कपाळ पुसलं. कोण असेल वहिनी, तो म्हणाला, आपण कोणाचं काय वाईट केलंय? उगाच कोणीतरी. तो तिचे आभार मानू लागला, आणि ते मात्र तिला सोसेना.

"मी केली तक्रार," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. धाकट्याचं सांगितलं, प्रतीक्षायादीचं सांगितलं, टेकडीजवळच्या लिफ्टचं सांगितलं. सगळं ओबडधोबड, एकात एक अडकलेलं. मी आधी येऊन विचारायला हवं होतं, असं म्हणून ती थांबली.

त्याने बसल्या जागेवरून गल्ल्यावरची काच पुसली.

"विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं," तो म्हणाला. "चार भिंतींत होतं ते. आता सरकारी कागदावर आहे, आणि खाली तुमची सही आहे." मग उठून त्याने पट्टीचा रोल पिशवीत घातला. "पट्टी रोज बदला. पाणी लागू देऊ नका."

त्याने वहिनी म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही. गेलं की विनयाने काय हवंय विचारायचा, बरोबर ते द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, समजूतही काढली नाही. लिफ्टचं मीच बोललो, एवढंच म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिने त्याला घरात येरझाऱ्या घालताना पाहिलं. शुक्रवारला तीन दिवस होते. दोघांनाही दूरच्या शाळेत घालावं, तर तिथे एकच जागा होती. धाकट्याला वर्षभर घरी ठेवावं, तर त्याने काय गुन्हा केला होता. गुरुवारी दोघांनी मिळून त्याची दूरच्या शाळेतली जागा पक्की केली. तिने मालकांशी बोलून कामाची वेळ तासभर पुढे ढकलून घेतली. थोरलीला सोडायचं बाबांनी, धाकट्याला पोचवायचं आईने, असं ठरलं.

शाळा सुरू झाल्या. पहिली बस निळी होती आणि दुसरी पिवळी. धाकट्याने तीन दिवसांत सगळे थांबे पाठ केले आणि ड्रायव्हरच्या आधी स्वतःच पुकारू लागला. ती मात्र प्रत्येक थांब्याला घड्याळ बघायची. तिकडे पोचली की इकडे थोरली रडत असेल असं वाटायचं, आणि कामाला बसली की धाकटा बसखाली आलेला दिसायचा. बोटाची जखम भरली, तरी ती त्या बोटावरून अंगठा फिरवत राहायची.

चौथ्या आठवड्यात, एका सकाळी अकराला, खिडकीतल्या बाईचा फोन आला. एक कुटुंब दुसऱ्या शहरात गेलं. जागा रिकामी आहे. दोन वाजेपर्यंत होकार द्या, नाहीतर यादीतल्या दुसऱ्याला कळवावं लागेल. बाईच्या आवाजात आनंद होता. तिलाही जणू इतके दिवस हा फोन करायचीच वाट होती.

 आई हो म्हणणारच होती, पण तोंडून 'कळवते' असा शब्द गेला. नवऱ्याला फोन लावला तर तो कुठल्यातरी लिफ्टच्या शाफ्टमध्ये होता, लागला नाही. मग ती निळ्या बसमध्ये बसली, मग पिवळ्या.

पोचली तेव्हा मधली सुट्टी चालू होती. जाळीच्या कुंपणापलीकडे तिला धाकटा दिसला. आणखी चार मुलांबरोबर तो बाकांची बस करून बसला होता, सर्वांत पुढे, आणि थांबे पुकारत होता. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. घरात थोरली बोलायची आणि तो मान हलवायचा.

शिक्षिकेची परवानगी घेऊन तिने त्याला बाजूला बोलावलं. आता थोरलीच्या शाळेत जागा आहे, उद्यापासून जाता येईल, असं सांगितलं. त्याने वळून बाकांकडे बघितलं.

"तिथे मी परत धाकटा होईन ना?" त्याने विचारलं.

"तू धाकटाच आहेस, राजा."

"इथे नाहीये," तो म्हणाला. "इथे मी ड्रायव्हर आहे." आणि बस निघायची वेळ झाली असल्यामुळे तो पळाला.

ती कुंपणाला धरून उभी राहिली. सहा वर्षांच्या पोराच्या बोलण्यावर असा निर्णय घ्यायचा असतो का, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. एक वाजून पन्नास मिनिटांनी तिने कार्यालयात फोन केला. जागा नको, म्हणाली. खिडकीतल्या बाईने तिला ते दोनदा म्हणायला लावलं, नोंद करायची असते म्हणून. मग बाईने फोन ठेवला.

शाळा सुटेपर्यंत ती थांबली, आणि परतीच्या बसमध्ये तिने धाकट्याला विचारलं, नक्की ना. पिवळ्या बसमधून उतरताना पुन्हा विचारलं. निळ्या बसमध्ये तिने परत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आई, हे तिसऱ्यांदा झालं," आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि ठीक केलंस म्हणाला. थोरली मात्र दप्तर न काढताच दारात उभी होती. तिने शाळेत पहिल्या दिवसापासून शेजारची जागा धरून ठेवली होती. रोज कोणी बसायला आलं की सांगायची, इथे माझा भाऊ येणार आहे.

"मला का नाही विचारलं?" ती म्हणाली.

या प्रश्नाचा विचार आईने दोन बसांमध्ये, कुंपणापाशी, फोनवर, कुठेच केला नव्हता. ती थोरलीपुढे गुडघ्यांवर बसली आणि दप्तराचे पट्टे तिच्या खांद्यांवरून काढू लागली. थोरलीने काढू दिले. पण मान वर केली नाही, आणि धाकटा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला तेव्हाही केली नाही.